आधी पाठ, मग पोट: लष्करी ड्रायव्हरचा जुना बिल्ला कसा तपासायचा

मला सारखे फोटो येतात. लख्ख घासलेला छोटा क्रॉस, त्याखाली लटकणारी एखादी पट्टी, मापासाठी शेजारी रुपयाचं नाणं आणि सोबत प्रश्न: "ओरिजिनल आहे ना?" बहुतेकांना उत्तर देता येत नाही. फोटो फक्त पुढच्या बाजूचा असतो आणि ज्या खुणांवरून काही सांगता आलं असतं त्या चिंच-रांगोळीने धुऊन गेलेल्या असतात.

माणसं आधी घासतात, मग नेटवर चित्र शोधतात, मग किंमत विचारतात आणि शेवटी कधीतरी बिल्ला उलटून बघतात. हा क्रम नेमका उलटा हवा. खाली दिलेल्या टप्प्यांची अदलाबदल करू नका, कारण चुकीच्या वेळी केलेलं एक काम पुढच्या तपासणीचा पुरावाच खाऊन टाकतं.

इथे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी सैन्याचा 'ड्रायव्हर अँड मेकॅनिक' बिल्ला धरला आहे. आपल्याकडच्या जुन्या बाजारात आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळींना घरसामानाच्या विक्रीत गाठ पडते ती बहुधा याच्याशी. त्याच युद्धातला जर्मन ड्रायव्हरचा स्टिअरिंगवाला बिल्ला जिथे वेगळा वागतो, तिथे तसं सांगितलं आहे.

## १. तयारी: हात लावण्याआधी

टेबलावर पांढरं सुती फडकं अंथरा. नाल्याजवळ, बेसिनजवळ बसू नका. पट्ट्यांना जोडणाऱ्या कड्या बारीक असतात आणि निसटल्या की गेल्याच. सोबत एवढं ठेवा:

- दहापट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळवाले वापरतात ते
- व्हर्नियर कॅलिपर. प्लास्टिकचा असेल तर उत्तम, धातूला ओरखडा जात नाही
- ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा
- छोटं लोहचुंबक, दोऱ्याला बांधलेलं
- नायट्राइलचे पातळ हातमोजे, डॉक्टर वापरतात ते; साध्या रबराचे नकोत
- वही आणि पेन्सिल

सुती मोज्यांचे धागे बिल्ल्याच्या टोकांत अडकतात, म्हणून नायट्राइलचे. मोजे नसतील तर हात साबणाने धुऊन कोरडे करा आणि बिल्ला फक्त कडेने धरा.

सावधान: बिल्ला अजून कापडावर टाचलेला असेल तर काढू नका. जर्मन बिल्ल्याच्या मागचे पत्र्याचे टोकदार पाय कापडातून आरपार जाऊन मागच्या पत्र्यावर दुमडलेले असतात. पाय एकदा सरळ केले आणि परत वाकवले की बरेचदा मोडतातच.

## २. आहे तशी नोंद

पेटी उघडली की बिल्ला उचलू नका. आधी पेटीचाच फोटो काढा. बिल्ला कशात गुंडाळला होता, शेजारी काय होतं, कोणत्या कागदाखाली होता, हे सगळं लिहा. एकाच पुरचुंडीतली बटणं, खांद्यावरची अक्षरं, पगाराचं पुस्तक या सोबत्यांवरून मालकाचा माग लागतो. बिल्ल्यावर नाव नसतं. भारतीय सैनिकांना दिलेल्या त्या युद्धाच्या पदकांवर आणि स्टारवर (ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर) नंबर, हुद्दा, नाव ठोकलेलं असतं. ते बिल्ल्यावरही असेल म्हणून लोक शोधत बसतात आणि नाव नाही म्हणजे खोटा, असा निकाल देऊन मोकळे होतात.

मग फोटो. खिडकीजवळ, ऊन थेट न येता, उजेड एका बाजूने पडेल असं बसा. फ्लॅश बंद. किमान सहा फोटो हवेत: पुढून, मागून, चारही कडा. सगळ्यांत मोजपट्टी किंवा आलेख-कागद दिसला पाहिजे. रुपयाचं नाणं ठेवू नका. वेगवेगळ्या काळातल्या नाण्यांचा आकार वेगळा आहे आणि फोटोत कोणतं ते कळत नाही.

## ३. पाठ

पुढची बाजू कोणीही नक्कल करू शकतो. पाठीवर बनवणाऱ्याचा आळस दिसतो. बिल्ला पालथा घाला आणि भिंगातून तीन गोष्टी बघा.

अडकवण्याची सोय. अमेरिकी बिल्ल्यात दोन तऱ्हा भेटतात. एक, ब्रोचसारखी आडवी पिन आणि तिला अडकवायची आकडी. दुसरी, दोन बुटके टोकदार खिळे आणि त्यांवर मागून दाबून बसवायच्या टोप्या, शाळेच्या बॅजला असतात तशा. "टोपीवाला म्हणजे युद्धानंतरचा" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वादही घालत नाही. हे चूक आहे. टोप्यांची पद्धत युद्ध चालू असतानाच वापरात आली होती. आडवी पिन जुनेपणाकडे झुकते इतकंच. नुसत्या टोपीवरून बिल्ला फेकू नका. उलट टोप्या सुट्या असतात, त्यामुळे इतक्या वर्षांत कधीही बदललेल्या असू शकतात. टोपी बघून काळ ठरवणं म्हणजे टायर बघून ट्रकचं मॉडेल सांगणं.

सांधे. पिन जिथे पाठीला चिकटवली आहे तिथली झाळ बघा. मूळ कामात ती नेटकी, थोडक्यात आटोपलेली असते. सभोवती ओघळ, जळका डाग किंवा चमकदार नवी झाळ दिसली तर पिन नंतर बसवली आहे. याचा अर्थ बिल्ला खोटा नव्हे, दुरुस्त केलेला. वहीत तसंच लिहा.

ठसे. 'स्टर्लिंग' हा शब्द शोधा. युद्धकाळात तांबं, पितळ, निकेल हे धातू जपून वापरायचे होते, म्हणून अमेरिकेत बिल्ल्यांसाठी स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के चांदी, मोठ्या प्रमाणावर आली. शब्द असेल तर कौल युद्धकाळाकडे जातो, पण तेवढ्यावर शिक्कामोर्तब होत नाही. न्यूयॉर्कच्या एन. एस. मायर यांच्यासारख्या उत्पादकाचं नाव असेल तरी तेच. ही मंडळी युद्धानंतरही बिल्ले बनवत राहिली. मात्र नावाऐवजी आकडा आणि अक्षर असा छोटा संकेत, उदाहरणार्थ '२२-एम', दिसला तर बिल्ला युद्धानंतरचा धरा. ती सांकेतिक पद्धत नंतरची आहे.

तपासा: पाठीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे, बुडबुड्यांच्या खुणा आहेत का? कडेवर मधोमध शिवण फिरते का? दोन्ही असतील तर तो साच्यात ओतलेला आहे. मूळ बिल्ले पत्र्यावर ठसा मारून, कड कापून बनवत. भिंगातून कडेवर कापल्याच्या बारीक उभ्या रेघा दिसतात. ओतलेल्या नकलेची कड साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत असते.

## ४. पोट

आता पुढची बाजू. इथे सगळ्यात जास्त घोळ एकाच ठिकाणी होतो: अमेरिकी नेमबाजीचा बिल्लाही पसरट पाकळ्यांचा क्रॉसच आहे आणि त्यालाही खाली पट्ट्या लटकतात. फरक मध्यभागी आहे. नेमबाजीच्या क्रॉसमध्ये निशाण्याची वर्तुळं असतात, एकात एक (सर्वात खालच्या पायरीच्या क्रॉसमध्ये निशाणाही नसतो). ड्रायव्हरच्या क्रॉसमध्ये टायरसकट चाक असतं. घासून झिजलेल्या बिल्ल्यात टायरची वर्तुळं आणि निशाण्याची वर्तुळं सारखीच दिसू लागतात, आणि तिथेच लोक फसतात. भिंग धरा आणि आतल्या वर्तुळात चाकाचा घाट आहे की नुसता सपाट निशाणा, ते बघा.

जर्मन बिल्ला याहून अगदी वेगळा: गोल, मधे मोटारीचं स्टिअरिंग, भोवती लॉरेलची पानं. कांस्य, रुपेरी आणि सोनेरी अशा त्याच्या तीन पायऱ्या. त्यावर नाझी स्वस्तिक नाही. इतर जर्मन पदकांच्या बाबतीत "स्वस्तिक नाही म्हणजे १९५७ नंतरची आवृत्ती" असा ठोकताळा लोकांनी पाठ केलेला असतो, तो इथे लावू नका.

याच्या पायरीबाबत आणखी एक चूक होते. सोनेरी किंवा कांस्य मुलामा पातळ असतो. तो उडाला की खालचा करडा धातू उघडा पडतो आणि घरचे म्हणतात, "चांदीचा आहे." पानांच्या खाचांत, स्टिअरिंगच्या दांड्यांच्या कोपऱ्यांत भिंग घाला. बोट पोहोचत नाही तिथे मूळ रंग टिकून राहतो.

सोव्हिएत 'उत्कृष्ट ड्रायव्हर' बिल्ला १९४३ चा. ढालीच्या आकाराचा, मिन्याचा, मागे स्क्रू आणि गोल चकती. तो हाती आला तर चकती जोर लावून फिरवू नका. मिन्याला तडा जातो. बाकी त्याचं शास्त्र वेगळं आहे, इथे थांबतो.

## ५. पट्ट्या आणि कड्या

अमेरिकी बिल्ल्याचा खरा मजकूर पट्टीवर असतो. क्रॉस सगळ्यांना एकच. माणूस काय चालवायचा ते पट्टी सांगते. अमेरिकी नियमांतला अर्थ असा:

- 'ड्रायव्हर-डब्ल्यू': चाकांची वाहनं
- 'ड्रायव्हर-टी': चाकांऐवजी लोखंडी साखळीपट्ट्यांवर चालणारी वाहनं, टँकच्या जातीची
- 'ड्रायव्हर-एम': मोटारसायकल
- 'ड्रायव्हर-ए': जमिनीवर आणि पाण्यात चालणारी वाहनं
- 'मेकॅनिक': गाड्या दुरुस्त करणारा
- 'ऑपरेटर-एस': खास यंत्रसामग्री चालवणारा

'टी' म्हणजे ट्रक नव्हे. ट्रकवाला 'डब्ल्यू'त येतो. 'टी'ची पट्टी बघून "ट्रक ड्रायव्हरचा बिल्ला" म्हणून विकणारे आहेत आणि घेणारेही.

पट्टी कड्यांनी लटकते, आणि कडी चिमट्याने उघडून दोन मिनिटांत बदलता येते. म्हणूनच नेमबाजीच्या स्वस्त क्रॉसला ड्रायव्हरची पट्टी लावून विकणं सोपं असतं. मी पहिल्यांदा फसलो तो असाच. विक्रेत्याने दिलेली कहाणी इतकी रंगलेली होती, की मी पट्टी वाचली आणि क्रॉस बघितलाच नाही. घरी येऊन भिंग लावलं तर मधे निशाणा.

म्हणून कड्या अशा तपासा:

कडी ज्या भोकात फिरते ते भोक बघा. वर्षानुवर्षं लटकून घासलं गेलं की भोक वरच्या बाजूला किंचित लांबट होतं आणि कडीला आतून चपटा डाग पडतो. दोन्ही जागची झीज जुळली पाहिजे. भोक लांबट आणि कडी नवीकोरी गोल असेल तर कडी बदलली आहे. कडीच्या तोंडाशी चिमट्याच्या दातांचे ओरखडे दिसतात का बघा. क्रॉस काळवंडलेला आणि पट्टी उजळ, असं असेल तर थांबा.

पण थांबा म्हणजे फेका नव्हे. माणसाने आधी ट्रकची परीक्षा दिली आणि वर्षभराने मेकॅनिकची पट्टी मिळाली, असं होऊ शकतं. मग दोन पट्ट्या दोन वेगळ्या उत्पादकांच्या असणं साहजिक आहे. वेगळेपण संशयाचं, पण गुन्ह्याचं नाही.

तपासा: क्रॉसच्या मधे चाक आणि पट्टीवर 'ड्रायव्हर', 'मेकॅनिक' किंवा 'ऑपरेटर', दोन्ही एकत्र हवं. 'रायफल', 'कार्बाइन', 'पिस्टल' असं काही असेल तर ती पट्टी नेमबाजीची.

## ६. माप, वजन, चुंबक

अमेरिकी क्रॉस सुमारे एक इंच उंच, एक इंच रुंद, म्हणजे २५ मिलिमीटरच्या आसपास. तीन ठिकाणी मोजा आणि तिन्ही आकडे लिहा. खऱ्या बिल्ल्यावरून साचा काढून ओतलेली नक्कल धातू आकसल्यामुळे मुळापेक्षा किंचित लहान आणि बोथट निघते. ओळखीतल्या अस्सल नगाशी ताडून बघितलं तर हा फरक पकडता येतो.

चुंबक दोऱ्याला टांगून हळूच जवळ न्या. पिन ओढली गेली तर घाबरू नका, पिन पोलादी असू शकते. 'स्टर्लिंग' लिहिलेल्या बिल्ल्याचा क्रॉसच ओढला गेला तर मात्र तो शब्द खोटा आहे.

सावधान: चांदी तपासायला सराफाकडे नेलात तर कसोटीवर घासू देऊ नका. आपल्या सराफाचा हात सवयीने दगडाकडेच जातो. हॉलमार्किंग केंद्रात एक्सआरएफ यंत्रावर धातूचं प्रमाण ओरखडा न पाडता कळतं; "फक्त मशीनवर" असं सांगून नग द्या आणि समोर उभे राहा. पाण्यात बुडवून घनता काढायच्या फंदात पडू नका. पोलादी पिनेमुळे आकडा चुकतो आणि सांध्यात पाणी मुरतं ते वेगळंच.

## ७. कागद जुळवणं

कागद नसेल तर बिल्ला कोणाचा ते सांगता येत नाही. असेल तर आधी तारखा बघा.

अमेरिकी बिल्ला २८ जुलै १९४२ ला सुरू झाला, जर्मन २३ ऑक्टोबर १९४२ ला. त्याआधीच्या तारखेच्या प्रमाणपत्रावर हा बिल्ला दिल्याची नोंद असेल तर कागद बनावट आहे किंवा तारीख चुकीची वाचली आहे. जर्मन बाबतीत एक गोंधळ होतो: ड्रायव्हरची सेवा १ डिसेंबर १९४० पासून मोजली जायची. ती मोजणीची तारीख आहे, बिल्ला देण्याची नाही.

अमेरिकी सैनिकाच्या सेवामुक्तीच्या कागदात, '५३-५५' क्रमांकाच्या फॉर्मवर, ३१ व्या रकान्यात सैनिकी पात्रता लिहितात. बिल्ल्याची नोंद तिथे शोधा. लोक ३३ वा, सन्मानांचा रकाना बघतात, तिथे काही नाही म्हणून नाद सोडतात. शेजारच्या ३० व्या रकान्यात कामाचा क्रमांक असतो: ३४५ म्हणजे हलक्या ट्रकचा ड्रायव्हर, २४५ म्हणजे जड ट्रकचा, ०१४ म्हणजे मोटार मेकॅनिक. क्रमांक आणि पट्टी जुळली की काम बरंच सोपं होतं.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या सैनिकी नोंदींच्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ ला लागलेल्या आगीत त्या काळातल्या अमेरिकी लष्कराच्या बहुतांश वैयक्तिक फाइली जळाल्या. "रेकॉर्ड सापडत नाही" असं उत्तर आलं तर त्यावरून बिल्ला खोटा ठरत नाही.

गणवेशातला फोटो असेल तर बिल्ल्याची जागा बघा. अमेरिकी बिल्ला डाव्या छातीच्या खिशाशी, जर्मन डाव्या बाहीवर मनगटाच्या बाजूला. उजवीकडे दिसला तर आधी कोटाची बटणं तपासा. पुरुषाच्या कोटाचा डावा पदर उजव्यावर येतो; उलट दिसत असेल तर निगेटिव्हच उलटी छापली आहे.

आता आपल्या घरांतला प्रश्न. आजोबा रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गाडी चालवत होते आणि पेटीत अमेरिकी बिल्ला निघाला. "आजोबांना अमेरिकेने गौरवलं" असं लगेच लिहू नका. हा बिल्ला अमेरिकी सैन्य स्वतःच्या माणसांना देत असे. अमेरिकी पलटणी मुंबई बंदरात उतरत, आसामात लेडोच्या रस्त्यावर त्यांचे ट्रक धावत. आजोबांकडे तो दोस्तीतून, अदलाबदलीतून किंवा नंतर बाजारातून आला असणं जास्त शक्य आहे. आजोबांचा स्वतःचा पुरावा त्यांच्या नावाच्या पदकांत, पगार-पुस्तकात आणि खांद्यावरच्या पितळी अक्षरांत शोधा. कागद काहीच नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून अर्ज कुठे करायचा ते घ्या; अर्जात सैनिक क्रमांक लागतो, म्हणून पदकाच्या कडेवरचा क्रमांक आधी उतरवून ठेवा.

आणि हा कौशल्याचा बिल्ला आहे, शौर्यपदक नव्हे. अमेरिकी नियमात बारा महिने सलग ड्रायव्हरचं काम किंवा ८,००० मैल, तेही अपघात आणि वाहतुकीचा गुन्हा न करता, अशी अट असते. युद्धात तेवढं विनाअपघात चालवणं ही काही लहान गोष्ट नाही. ती आहे तशी सांगा, वाढवून नको.

## ८. निष्कर्ष लिहिणं

हे पाच मिनिटांचं काम, पण कोणी करत नाही. वहीत तीन रकाने पाडा: डोळ्यांनी दिसलेलं, कागदाने ठरलेलं, ऐकलेलं. "मामा म्हणाला" हे तिसऱ्यात, कितीही आवडलं तरी. शेवटी एकच शब्द: पटतो, शंका आहे किंवा नाही. "शंका आहे" लिहायला लाजू नका, माझ्या वहीत तोच शब्द सर्वात जास्त आहे.

## ९. साफसफाई आणि साठवण

चांदीवरचा काळा थर म्हणजे रोग नव्हे. तो तसाच राहू द्या. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, सगळं बंद. आम्लाने थर जातो आणि पावडरीने अक्षरांच्या कडा.

धूळ असेल तर चित्रकलेचा मऊ, कोरडा ब्रश. पितळेवर हिरवा कळंक धरला असेल तर तो भिंगाखाली लाकडी टूथपिकने टोकरा, पाणी न लावता. टूथपिक मोडली तरी चालेल, टाचणी घेऊ नका. पिनेवरचा गंज हलत नसेल तर सोडून द्या. कापडावरचा बिल्ला असेल तर तेलाचा थेंबही नको, आणि ते कापड धुवायचा विचारसुद्धा नको.

ठेवताना आम्लमुक्त कागदात गुंडाळा आणि साध्या पॉलिथिनच्या झिप पिशवीत घाला. वासाच्या, चिकट, जाड पीव्हीसी पाकिटात नको. वर्तमानपत्र नको, रबरबँड नको. रबरातलं गंधक चांदीला काळं करतं. डांबरगोळ्या त्या डब्यात नकोत. सोबत सिलिका जेलची पुडी, रंग बदलणारी घेतली तर कधी वाळवायची ते कळतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती दोन आठवड्यांतही रंग टाकते, तेव्हा जूनपासून नजर ठेवा.

पाऊस ओसरला की एकदा डबा उघडून बघा. बऱ्याच घरांत ही पेटी दसऱ्याला शस्त्रांसोबत पूजेला निघते, तोच दिवस सोयीचा. हळद-कुंकू पेटीच्या झाकणावर वाहा, बिल्ल्यावर नको. हळद कापडातून जात नाही, आणि ओलं कुंकू पट्टीच्या अक्षरांत बसलं की ते काढायला पुन्हा कोणीतरी चिंच आणतं.